शेकोटीभोवतीचे फोटो: जाळ तसाच ठेवा, चेहरे उजळा

दिवाळी झाली की कॅमेरा हातात असलेला प्रत्येक जण लग्नाच्या ऑर्डरमागे धावायला लागतो. धावा, पण तिथे गर्दी किती आहे तेही बघा. आज त्याच कॅमेऱ्यावर करता येणारं, कमी गर्दीचं एक काम सांगतो. पवनेच्या काठावरचे तंबू, भंडारदऱ्याचे कॅम्प, सोलापूर-नगरकडच्या हुरडा पार्ट्या, कृषी पर्यटन केंद्रं, थर्टी फर्स्टची फार्महाउसं. या सगळ्या ठिकाणी रात्री एक गोष्ट ठरलेली असते, ती म्हणजे शेकोटी. आणि त्या शेकोटीभोवती बसलेल्या माणसांकडे परत जाताना स्वतःचा एक धड फोटो नसतो.

का नसतो ते नीट समजून घ्या, कारण तुमचा धंदा त्या कारणावरच उभा राहणार आहे. मोबाइलचा नाइट मोड एका पाठोपाठ अनेक फोटो घेतो आणि ते जोडून एक करतो. डोंगर, तंबू, चांदणं यासाठी ते छान. पण शेकोटीजवळची माणसं हसतात, टाळ्या वाजवतात, कणीस फिरवतात. ती हलली की चेहरा पुसल्यासारखा येतो. मग लोक मोबाइलचा लाइट लावतात. तो बारीकसा एलईडी दोन हातांपलीकडे फारसा पोचत नाही, आणि जिथे पोचतो तिथे चेहरा पांढराफटक दिसतो. म्हणजे पाहुण्याच्या खिशात महागातला फोन असूनही हा एक फोटो त्याला जमत नाही. जे गिऱ्हाइकाला स्वतःला जमत नाही, त्याचेच पैसे मिळतात, हे आपण कितीदा बोललोय!

आता गंमत अशी, की कॅमेरा आणि फ्लॅश असलेल्या नव्या माणसालाही हा फोटो पहिल्या दिवशी जमत नाही. तो फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवतो, ऑटोवर ठेवतो आणि दाबतो. चेहरे दिसतात, पण मागे काळा पडदा. शेकोटी कुठे गेली? विझल्यासारखी वाटते. असा फोटो गल्लीतल्या वाढदिवसातही निघाला असता, त्यासाठी पवनेला कशाला जायचं? पाहुण्याला स्वतःचा चेहरा आणि जाळ, दोन्ही एकाच फोटोत हवे असतात. हे दोन वेगवेगळे उजेड आहेत, आणि दोघांच्या चाव्याही वेगवेगळ्या आहेत.

कोणती चावी कशाची

फ्लॅशचा उजेड एका झटक्यात येतो आणि जातो. कमी पॉवरवर तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. त्यामुळे शटर १/२०० ठेवा की १/३०, फ्लॅशचा उजेड तेवढाच पडतो. शेकोटी मात्र सारखी जळतेच आहे, त्यामुळे शटर जितका वेळ उघडं तितका तिचा उजेड जास्त. म्हणजे शटर ही जाळाची चावी आणि फ्लॅशची पॉवर ही चेहऱ्याची चावी. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोन्ही उजेडांना एकदम वरखाली करतात. एवढं डोक्यात बसलं तर निम्मं काम झालं.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी फ्लॅश बंद. कॅमेरा मॅन्युअलवर. आयएसओ १६००, अ‍ॅपर्चर २.८, शटर १/६० ने सुरुवात करा. किट लेन्स असेल आणि ४ च्या खाली जात नसेल, तर आयएसओ ३२०० करा. फोटो काढा आणि फक्त जाळ बघा. ज्वाळा नुसत्या पांढऱ्या दिसत असतील तर शटर वाढवा, जाळ मेलेला वाटला तर १/३० पर्यंत खाली या. चेहरे या फोटोत अंधारात असणार, असू देत. जाळ मनासारखा दिसला की मग फ्लॅश चालू करा, तोही मॅन्युअलवर, आणि १/६४ पॉवरपासून सुरुवात. माणूस फ्लॅशपासून तीन मीटरवर असेल तर एवढ्यात किंवा एक पायरी वर, १/३२ ला, काम होतं.

एवढी कमी पॉवर? हो. आयएसओ १०० वर लागते त्याच्या सोळाव्या भागातच आयएसओ १६०० वर भागतं. याचा फायदा थेट खिशाला आहे. चार पेन्सिल सेल रात्रभर पुरतात, आणि दोन फोटोंच्या मध्ये फ्लॅश भरायची वाट बघावी लागत नाही. माणसं हसली की लगेच तीन-चार फोटो घेता येतात.

फ्लॅश टीटीएलवर का नको, असं काही जण विचारतील. टीटीएल म्हणजे कॅमेऱ्यानेच पॉवर ठरवायची. समोर चौकटीत बहुतेक जागा काळी रात्र असते. कॅमेऱ्याला वाटतं अंधार फार आहे, म्हणून तो फ्लॅश जोरात मारतो आणि चेहरे उडतात. टीटीएल वापरायचंच असेल तर फ्लॅश कॉम्पेन्सेशन उणे एक किंवा त्याखाली ठेवा. पण शेकोटीभोवती माणसं ठरलेल्या अंतरावर बसलेली असतात. अंतर बदलत नाही तर पॉवर कशाला बदलायची?

शटर फार खाली नेऊ नका हेही सांगतो. १/१५ वर ठिणग्यांच्या सुंदर रेघा येतात, पण जाळाजवळ नाचणाऱ्या माणसाभोवती भुतासारखी धूसर सावली येते, कारण फ्लॅशने त्याला गोठवलं तरी शेकोटीचा उजेड त्याला रंगवतच राहतो. नाच असेल तर १/१०० च्या आसपास या. मुद्दाम रेघ हवी असेल तर कॅमेऱ्यात रिअर कर्टन सिंक लावा, म्हणजे फ्लॅश शटर बंद होताना उडतो आणि रेघ हालचालीच्या मागे राहते. असे फोटो दहात एखादा ठेवा. लोकांना स्वतःचा चेहरा स्पष्ट हवा असतो.

केशरी कागद

आता एक लहानशी वस्तू, जिच्यामुळे हौशी आणि धंदेवाईक यांच्यातला फरक लगेच कळतो. शेकोटीचा उजेड केशरी असतो, साधारण २००० केल्विन. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, साधारण ५५०० केल्विन. दोन्ही एकत्र आले की माणसं निळसर-पांढरी आणि मागचं सगळं केशरी. माणसं वरून चिकटवल्यासारखी दिसतात. संगणकावर रंग सुधारायला गेलात तर एक सुधारतो आणि दुसरा बिघडतो.

उपाय म्हणजे फ्लॅशच्या तोंडावर केशरी जेल लावायचा. दुकानात 'फुल सीटीओ' म्हणून मागा. तो फ्लॅशचा रंग ३२०० केल्विनच्या आसपास आणतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स बल्बच्या चिन्हावर ठेवा, म्हणजे कातडीचा रंग खरा येतो आणि जाळ त्याहून थोडा केशरीच राहतो. मला स्वतःला चेहऱ्यावरही थोडी ऊब आवडते, म्हणून मी केल्विन ३८०० च्या जवळ ठेवतो. जेलमुळे उजेड जवळजवळ निम्मा होतो, तेव्हा पॉवर एक पायरी वाढवा. स्टेशनरीच्या दुकानातला सजावटीचा जिलेटिन कागद सरावाला चालेल, पैसे घेऊन करायच्या कामाला नको. त्याचा रंग कुठे जाईल याचा भरवसा नसतो आणि तो वितळतोही.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवा

लग्नाच्या हॉलमध्ये आपण फ्लॅश छताकडे वळवतो आणि मऊ उजेड मिळवतो. इथे छत कुठे आहे? वर चांदण्या आहेत. फ्लॅशवर पांढरी प्लास्टिकची टोपी घालणारे बरेच दिसतात. उघड्यावर ती टोपी अर्धा उजेड आकाशाला देते आणि बॅटरी खाते, बाकी फरक फार नाही.

शिवाय धूर. फ्लॅश लेन्सच्या जवळ असला की समोरचा धूर आणि उडणारी राख आधी उजळते, आणि फोटोत धुकं आणि पांढरे ठिपके येतात. पावसात गाडीचे हेडलाइट लावल्यावर समोर काय दिसतं ते आठवा. म्हणून एक साधा रेडिओ ट्रिगर घ्या आणि फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, बाजूला न्या. उभं राहायचं वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे धूर तुमच्यापासून लांब जातो. वारा फिरला तर तुम्हीही फिरा.

फ्लॅश धरायला स्टँड नको, माणूस हवा. तळ्याकाठी रात्री वारा सुटतो, छत्री लावलेला स्टँड आडवा होतो, आणि तो आडवा झाला तर शेजारी जाळ आहे. भाऊ, मित्र, कॅम्पवरचा कामाचा पोरगा, कुणीही चालेल. त्याला रोजचे पैसे द्या, फुकट राबवू नका. त्याच्या हातात मोनोपॉडवर फ्लॅश आणि छोटा सॉफ्टबॉक्स. उजेड शेकोटीच्या बाजूने आला पाहिजे, तरच तो जाळाचाच वाटतो. पण उंची डोळ्यांच्या थोडी वर. जमिनीलगत ठेवलात तर हनुवटीखालून उजेड येतो आणि काकू नाटकातल्या चेटकिणीसारख्या दिसतात. चष्मेवाले असतील तर फ्लॅश आणखी थोडा वर आणि बाजूला, म्हणजे काचा चमकत नाहीत.

आठ-दहा जणांचा ग्रुप असेल तर मदतनिसाला मागे सरकवा. उजेडाचा हिशेब सोपा आहे: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. फ्लॅशजवळचा माणूस एक मीटरवर आणि शेवटचा दोन मीटरवर असेल, तर दोघांवरच्या उजेडात चौपट फरक. तीच माणसं तीन आणि चार मीटरवर असतील तर फरक दुपटीपेक्षाही कमी. मागे सरका, पॉवर थोडी वाढवा, कडेचा मामा अंधारात राहणार नाही. ग्रुपमधला एक माणूस काळा आलेला फोटो विकला जात नाही, कारण नेमका तोच पैसे देणारा निघतो!

जाळाच्या वरून आरपार फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. ज्वाळा पुढे, माणसं मागे, कल्पना छान आहे. पण जाळावरची गरम हवा थरथरते आणि मागचे चेहरे पाण्यातून पाहिल्यासारखे येतात. जाळाच्या कडेने काढा. फोकसला अंधारात कॅमेरा चाचपडतो, तेव्हा मदतनिसाने दोन सेकंद टॉर्च दाखवायचा आणि बंद करायचा.

हुरड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. हुरडा जिथे भाजतात ती आगटी खड्ड्यात असते, गोवऱ्यांची असते. तिथे ज्वाळा कमी आणि निखारे जास्त, उजेड अगदी मंद. शिवाय बऱ्याच हुरडा पार्ट्या दिवसा होतात. रात्रीची असेल तर शटर १/३० वर ठेवा आणि हातातलं कणीस, चोळलेले दाणे, खाली लाल आर, असं जवळचं काढा. तिथे ज्वाळा शोधत बसू नका.

सगळ्यात सोपी वीस मिनिटं

कॅम्पमालकाशी बोलताना एक गोष्ट मागा: शेकोटी लवकर पेटवायची. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास बुडतो. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं. तेव्हा शेकोटी पेटलेली असेल तर पवनेच्या काठावरून तुंग, तिकोना मागे रेषेसारखे दिसतात, समोर केशरी जाळ आणि मध्ये तुमची माणसं. मालकाला जाहिरातीला लागतो तो फोटो या वीस मिनिटांत निघतो. रात्री नऊला जेवणं झाल्यावर तोच फोटो कितीही फ्लॅश मारून निघणार नाही. ग्रुप आणि कुटुंबांचे फोटोही शक्य तेवढे याच वेळात उरका. काळोख पडल्यावर गाणी, गप्पा, गिटार. तिथे दर मिनिटाला फ्लॅश उडवलात तर लोक वैतागतात, आणि त्यांचं बरोबर आहे. गाणं सुरू असताना चार-पाच फोटो घ्या आणि कॅमेरा मांडीवर ठेवा.

मे-जूनमध्ये त्याच भंडारदऱ्याला काजवे बघायला लोक जातात. तिथे फ्लॅश अजिबात नाही. काजवे एकमेकांना उजेडानेच खुणा करतात, तुमचा झोत त्यांच्या कामात खोडा घालतो. ते काम वेगळं, या लेखातली एकही गोष्ट तिथे लागू नाही.

इथे घाई करू नका

आता जे सांगतो ते फोटोचं नाही, पण याच्यावर तुमचं नाव टिकेल किंवा जाईल.

पहिलं, जाळ. फोटोला जाळ मोठा हवा म्हणून "जरा पेटवा की" असं म्हणू नका. तुम्ही सहज म्हणता आणि कुणीतरी पोरगा जळत्या लाकडांवर पेट्रोल किंवा रॉकेल ओततो. भडका थेट हातातल्या डब्यापर्यंत येऊ शकतो. जाळ कमी झाला तर आयएसओ वाढवा, शटर खाली आणा, त्यासाठीच तर ते शिकलात. दुसरं, शेकोटीकडे पाठ करून ग्रुप उभा करता तेव्हा तुम्ही त्यांना कॅमेऱ्याकडे बघायला सांगता, म्हणजे जाळाकडे कुणाचंच लक्ष नसतं. पदर, ओढणी, नायलॉनचं जॅकेट, लहान मुलांचे फ्रॉक. लोक पोझ देताना अर्धं पाऊल मागे सरकतातच. त्यांना जाळापासून निदान तीन मीटर पुढे उभं करा आणि तुम्ही मागे जाऊन लेन्सने जाळ जवळ आणा. ५० किंवा ८५ ची लेन्स लावली की जाळ त्यांच्या खांद्यामागे मोठा दिसतो. पदर खोचून घ्यायला सांगायला लाजू नका. कुणी प्यायलेलं असेल तर त्याला बसवूनच फोटो काढा.

तिसरं, परवानगी. कॅम्पवर जोडपी येतात, ऑफिसच्या मैत्रिणी घरी वेगळं सांगून येतात, कुणी नुसतं शांत बसायला येतं. फ्लॅश उडाला की सगळ्यांना कळतं फोटो निघाला, पण कोणाचा निघाला ते कळत नाही आणि तिथूनच भांडण सुरू होतं. शेकोटी पेटवताना मालकाला मोठ्याने सांगायला लावा, "आज फोटोवाले आलेत, ज्यांना नको त्यांनी या बाजूला बसा." मग त्या बाजूला कॅमेरा वळवायचाच नाही. कुणी काढून टाका म्हटलं तर त्याच्यासमोर काढून टाका. लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारून. सगळे फोटो एकाच लिंकवर टाकून सगळ्यांना पाठवायची सवय लावून घेऊ नका. ज्याचा ग्रुप, त्याचे फोटो त्यालाच.

कोकणात शिमग्याचा होम असेल तर गावकऱ्यांना आणि मानकऱ्यांना आधी भेटा. तो कार्यक्रम गिऱ्हाइकासाठी नसतो, देवासाठी असतो. कुठे उभं राहायचं, फ्लॅश कधी नको, ते तेच सांगतील.

पैसे कोण देणार

दोन वाटा आहेत. एक, मालक तुम्हाला रात्रीचे ठरावीक पैसे देतो आणि फोटो पाहुण्यांना कॅम्पकडून भेट. दोन, मालक फक्त आत येऊ देतो आणि तुम्ही ग्रुपला फोटो विकता. मी नव्या माणसाला पहिली वाट सांगतो. समजा मालकाने रात्रीचे तीन हजार कबूल केले. त्यातून मदतनिसाचे पाचशे, पेट्रोलचे चारशे, भाड्याच्या लेन्सचे पाचशे गेले, उरले सोळाशे. तुमच्या भागातले खरे आकडे घाला आणि हा हिशेब कागदावर करा. वर दुसऱ्या दिवशी फोटो निवडायला जाणारे चार तास त्यात धरलेत का, तेही बघा. दुसऱ्या वाटेवर चांगल्या शनिवारी जास्त मिळू शकतं, पण पाहुण्यांना गाठण्यात फोटो काढायचे राहून जातात. मालकाचं काम पाच-सहा रात्री केल्यावर तुम्हालाच कळेल कोण किती फोटो मागतं, मग भाव ठरवा.

दोन्ही वाटांवर एक कायदेशीर गोष्ट लक्षात ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे तुमच्याच फोटोवर तुमचा हक्क नसेल. म्हणून "माझ्या कामाचे नमुने म्हणून वापरेन" हे आधीच लिहून घ्या. आणि फोटोत पाहुण्यांचे चेहरे असतील तर त्यांचीही वेगळी संमती घ्या, मालकाची संमती त्यांच्या वतीने चालत नाही.

फोटो देण्यात उशीर नको. शेकोटी चालू असतानाच प्रत्येक ग्रुपचा एक फोटो मोबाइलवर घेऊन पाठवा, बाकीचे दुसऱ्या दिवशी. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलात तर फोटो दाबला जातो आणि अंधारातल्या फोटोत ते पटकन दिसतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सरावासाठी पवनेला जायची गरज नाही. अंगणात लोखंडी घमेल्यात चार लाकडं पेटवा, शेजारी पाण्याची बादली ठेवा, घरच्या दोघांना बसवा आणि तीन संध्याकाळ हेच करा. त्यातले बरे दहा फोटो निवडा आणि जवळच्या कॅम्पमालकाला असा मेसेज करा:

"नमस्कार दादा, मी तुमच्या भागातलाच फोटोग्राफर आहे. शेकोटीच्या उजेडात काढलेले दहा फोटो सोबत पाठवले आहेत. येत्या शनिवारी एक रात्र तुमच्या कॅम्पवर काम करायची इच्छा आहे. मदतनीस माझा असेल. ज्या पाहुण्यांना फोटो नको असतील त्यांचे काढणार नाही. तुमच्या जाहिरातीसाठी वीस फोटो सोमवारपर्यंत देईन. सोयीची वेळ सांगितलीत तर येऊन भेटतो."

मेसेज मंगळवारी किंवा बुधवारी पाठवा. शुक्रवार ते रविवार मालकाला फोन बघायला फुरसत नसते.